खंबीर बाईची बडी

शुक्रवार, रात्री

‘तुम्ही फौजींच्या बायका भारी खंबीर हो!’ आज पालकसभेत पुन्हा ऐकून घेतलं. बाई मनापासून बोलत होती, म्हणून हसून मान डोलावली. पण हे कौतुक झालं की पुढं बोलायची सोयच उरत नाही. खंबीर बाईनं ‘रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही’ हे सांगायचं कुणाला?

हे सॅपर, म्हणजे फौजेतल्या इंजिनीअर पलटणीतले जवान. पुढच्या पोस्टवर गेले की रेंज मिळेल तेव्हा फोन. वर्षाची ६० दिवस आणि वर ३० दिवस कॅज्युअल अशी रजा कागदावर असते, हातात कधी पडेल ते युनिट ठरवणार. आम्ही मागं पुण्यात, खडकीच्या फॅमिली क्वार्टरमध्ये. सासूबाई साताऱ्याकडं, अपशिंग्यात. पिढ्यानपिढ्या पोरं फौजेत धाडणारं गाव, लोक मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. तिथं वाट बघणं कुणाला शिकवावं लागत नाही. सासूबाई धीरबीर देत नाहीत. ‘जेवलीस का, पोरांना काय केलंस’ एवढंच विचारतात. तेच बरं वाटतं.

जवानाला बडी असतो. ड्युटीवर जोडीला तोच, एकमेकांवर लक्ष ठेवायचं. हे रजेवर आले की तिकडचं अवाक्षर काढत नाहीत, पण बडीचा फोन आला की गॅलरीचं दार ओढून तासभर बोलत बसतात. आधी डोक्यात तिडीक जायची. आता नाही, कारण आता मलाही बडी आहे.

समोरच्या दारातली तमिळ भाभी. तिला मराठी येत नाही, मला तमिळ; दोघी फौजी हिंदीवर भागवतो. तिच्या घराची किल्ली माझ्या खिळ्याला, माझी तिच्या. पावसाळ्यात एका रात्री धाकट्याचा ताप उतरेना. तिनं माझ्या झोपलेल्या पोरीला खांद्यावर टाकून स्वतःच्या घरी नेलं आणि तिच्या थोरल्या मुलाला माझ्यासोबत एमआय रूमला, म्हणजे फौजेच्या दवाखान्यात पाठवलं. निघताना कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, तापाचे आकडे वेळेसकट लिहिलेला कागद फाडून हातात कोंबला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला.

राखीला आम्ही काहीजणी पॅराप्लेजिक सेंटरला जाऊन येतो. मणक्याला मार बसलेले जवान १९७४पासून इथं खडकीत राहतात. कुणी तोंडात ब्रश धरून चित्र काढतो, कुणी व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतो. भाषणात हमखास मुरलीकांत पेटकरांचं नाव निघतं. ६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक! जिद्द आहेच, तिला मुजरा. पण मला दरवेळी वाटतं, त्यांना पहिल्यांदा पाण्यात कुणी उतरवलं असेल? त्या माणसाबद्दल भाषणात कुणी बोलत नाही.

वरच्या मजल्यावर नवी नवरी आलीय. लग्नाची पार्ट टू ऑर्डर अजून निघालेली नाही, म्हणजे रेकॉर्डला बाईचं नावच नाही, डिपेंडंट कार्ड तर लांबच. ‘ते आल्यावर बघतील,’ म्हणते. सगळ्याजणी सुरुवातीला हेच म्हणतात. मग संध्याकाळी तिला खाली बोलावलं आणि लग्नाचा दाखला, दोघांचा फोटो, आधार, जोडखात्याचं पासबुक एका फाईलला लावायला सांगितलं. जोडखातं आणि नॉमिनीचं नाव काढल्यावर तिचा चेहरा पडला. कशासाठी ते तिला न सांगता कळलं होतं.

भाभीनं तिच्यापुढं गरम वडे ठेवले. तिनं अर्धा खाल्ला आणि हळूच विचारलं, ‘ताई, तुम्हाला भीती नाही वाटत?’

म्हटलं, वाटते की. तुला वाटली तर सरळ खाली ये. दार वाजव मात्र, बेल कधीची बिघडलीय.