जास्वंदीला साडी

दिवाळी सरली, रान पिवळं पडायला लागलं की गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्यासारखे जे रानाला लागून राहतात त्यांच्या बागेत रात्रीचे पाहुणे सुरू होतात. साहजिकच आहे म्हणा, तिकडे म्हादईच्या अभयारण्यात गवत वाळलेलं आणि इथे आम्ही रोज संध्याकाळी पाइप धरून जास्वंद, मोगरा हिरवेगार ठेवलेले, मग भेकर, म्हणजे रानातलं लहान हरीण, दुसरीकडे कशाला जाईल.

कोण जेवून गेलं ते सकाळी देठ बघून कळतं. हरणांना वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात, त्यामुळे फांदी कापली जात नाही, ओढून तोडली जाते आणि टोकाला साल लोंबत राहते. सशाने खाल्लं असेल तर ब्लेड मारल्यासारखा तिरका साफ काप. पण गायबकऱ्यांचंही तोंड हरणासारखंच, म्हणून ओल्या मातीत खूरही बघायचे. उगाच भेकरावर आळ नको.

लोक सांगतात चिऱ्याचं कंपाउंड घाल. आता गरज काय ती पावसापर्यंतची, जूनमध्ये रानातच एवढा पाला फुटतो की आमच्या मोगऱ्याकडे कोण बघतंय, त्यासाठी चिरे कशाला? आणि सगळी बाग तरी कशाला अडवायची, कण्हेर विषारी, तिला कोणी तोंड लावत नाही. मी फक्त आवडत्या झुडपांभोवती बांबू रोवते आणि जुन्या साड्या ताणून बांधते, झाली वई, म्हणजे कुंपण. मासेमारीची फाटकी जाळी फुकट मिळते खरी पण तिच्यात साप अडकून मरतात, शिंगंही गुंततात. तार-करंटचं तर नावच नको, १९७२ च्या कायद्याने भेकर, सांबर सगळी संरक्षित आहेत.

साडीने काय होणार असं वाटतं ना? सांबर मनात आणलं तर पुरुषभर उंचीवरून उडी मारेल. पण पलीकडचं दिसत नाही आणि आत उतरायला धड जागा नाही अशा ठिकाणी हरीण सहसा उडी घेत नाही. म्हणून वई झुडपाला खेटून, घेर लहानच ठेवायचा. उंचीपेक्षा खालच्या कडेकडे लक्ष हवं, कारण भेकर उडी मारण्याआधी खालून शिरायला बघतं, तिथे काठावर दगड ठेवायचे. वजनच नाही त्या कापडाला, सगळा खेळ जनावराच्या मनातल्या शंकेवर.

शंका नाही ती शेजारच्या आबांना. देवाला फुलं काढायला ते उजाडायच्या आत हजर. परवा म्हणाले, "वैनी, ही तुझ्या लग्नातली शालू ना गो? जास्वंदीक नेसवलीस?" मग बांबूवरून हात घालून फूल काढताना साडीच खाली आली. आता एका बाजूला कपड्यांचे चिमटे लावून दार केलंय, खास आबांसाठी. भेकराला चिमटा उघडता येत नाही, आबांना लावता येत नाही.