मण्यांचे रेणू: सी-६०, सी-७० आणि सी-७६ ची जोडी झाली, आता मेदूवडा विणायला घेतलाय

मंडळी, बरेच दिवस अपडेट द्यायचं राहिलं होतं, आज सगळं एकदम लिहितेय त्यामुळे जरा लांबेल.

नवीन आलेल्यांसाठी आधी दोन ओळी. मी मोतीकाम करते, आईकडून शिकले, घरातल्या लग्नांच्या रुखवतात आमची तोरणं आणि मोत्यांचे गणपती असायचेच. गेल्या वर्षी कुठेतरी वाचलं की तैवानमधले केमिस्ट्रीचे प्राध्यापक जिन बिह-याव कार्बनचे रेणू मण्यांत विणतात. आयडिया अशी की मणी म्हणजे अणू नाही, मणी म्हणजे दोन अणूंमधला बंध. जिथे तीन मणी एकमेकांना टेकतात ती मधली रिकामी जागा म्हणजे कार्बनचा अणू. आधी मला हे उलटंच वाटलं, कारण शाळेत गोळे म्हणजे अणू आणि काड्या म्हणजे बंध असं शिकलेलो. पण विणायला घेतल्यावर कळलं की हेच बरोबर बसतं, बंधातले इलेक्ट्रॉन एकमेकांना लांब ढकलतात आणि मणी पण एकमेकांच्या जागेत घुसू शकत नाहीत, त्यामुळे तंगूस घट्ट ओढला की आकार आपोआप येतो, आपण काही वळवायचं नसतं.

सामान: ६ मिमीचे गोल प्लॅस्टिक मणी, पांढरे आणि लाल, रविवार पेठेतून आणलेले, आणि तंगूस. काचेचे मणी घेऊ नका, काहींच्या भोकाची कड धारदार असते आणि तिसऱ्या-चौथ्यांदा ओढताना तंगूस कापला जातो, माझा दोनदा गेला.

सुरुवात सी-२० ने केली (सी म्हणजे कार्बन, २० अणूंचा बंद गोळा, पुढचे आकडे पण असेच), १२ पंचकोन, ३० मणी, अर्ध्या तासात होतो. हिशोब सोपा आहे, प्रत्येक अणूला तीन मणी लागतात आणि प्रत्येक मणी दोन अणूंचा, म्हणजे अणूंच्या दीडपट मणी. सी-६० ला ९०, सी-७० ला १०५.

आता सी-६०, यावर जरा जास्त लिहिते कारण खरी मजा इथेच आहे.

१२ पंचकोन, २० षटकोन, फुटबॉलचा आकार. पंचकोनाचे सगळे मणी पांढरे आणि षटकोनात एक आड एक पांढरा-लाल. हे नुसतं दिसायला म्हणून नाही, खऱ्या रेणूत पण दोन प्रकारचे बंध आहेत, दोन षटकोनांमधले ३० जरा आखूड (१.४० अँगस्ट्रॉम) आणि पंचकोनाच्या कडेचे ६० जरा लांब (१.४५). म्हणजे ३० लाल, ६० पांढरे. आणि विणताना चूक झाली तर रंग आधी ओरडतो.

विणायची यादी अशी: १ ते ३२ अशी घरं (एक घर म्हणजे एक पंचकोन किंवा षटकोन) मोजत गोल गोल जायचं आणि १, ७, ९, ११, १३, १५, १८, २०, २२, २४, २६, ३२ या नंबरांवर पंचकोन, बाकी सगळे षटकोन. बस, एवढंच. हा अख्खा रेणू या बारा आकड्यांत मावतो हे मला अजून पचलेलं नाही. पहिला पंचकोन, ५ मणी घालून पाचव्यात क्रॉस (म्हणजे तंगूसची दोन्ही टोकं त्यातून समोरासमोरून ओवायची). दुसऱ्या घराला १ कॉमन मणी आणि ५ नवे, मग तीन घरं २ कॉमन आणि ४ नवे, सहाव्या घराला ३ कॉमन ३ नवे, इथपर्यंत २५ मणी होतात आणि छान वाटी तयार होते. तिथून पुढे कॉमन मणी वाढत जातात आणि नवे कमी, आणि शेवटच्या ३२ व्या पंचकोनाला एकही नवा मणी लागत नाही! बाजूचे पाच षटकोन पूर्ण झाले की तो मध्ये आयता तयार असतो, फक्त तंगूस फिरवून लॉक करायचं. पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी चहा बाजूला ठेवून नुसती बघत बसले होते.

पण हा माझा दुसरा प्रयत्न. पहिला सगळा पांढऱ्या मण्यांत केला होता आणि ७ नंतर ८ व्या घरी पण पंचकोन घातला गेला. ९ वा झाल्यावर लक्षात आलं की तिथे टोक आलंय, नाकासारखं. ओढून बघितलं, सैल करून बघितलं, काही केल्या सपाट होईना. मग वाचलं तेव्हा कळलं की खऱ्या कार्बनला पण हेच आवडत नाही, पंचकोन शेजारी-शेजारी आले की तिथला वाक फार तीव्र होतो आणि बंधांवर ताण येतो. कुठलेच दोन पंचकोन एकमेकांना चिकटलेले नाहीत असा सगळ्यात लहान बंद गोळा म्हणजे सी-६०, आणि त्याच्या पुढचा थेट सी-७०, मधले सगळे बाद. उसवलेला तो तुकडा मी ठेवलाय, कोणाला समजावून सांगायला पुस्तकापेक्षा तो बरा पडतो.

१९८५ मध्ये ह्यूस्टनच्या राइस युनिव्हर्सिटीत क्रोटो, स्मॉली आणि कर्ल यांना हा रेणू मिळाला तेव्हा हातात फक्त वजन होतं, ७२०, म्हणजे ६० कार्बन. आकार माहीत नाही. स्मॉली रात्री घरी कागदाचे षटकोन कापून चिकटवत बसले, नुसत्या षटकोनांनी काही केल्या बंद होईना, मग पंचकोन घातले तेव्हा वाटी झाली आणि शेवटी गोळा. १९९६ चं नोबेल त्यावर. मला ही गोष्ट फार जवळची वाटते कारण २५ व्या मण्याला माझ्या हातात पण तीच वाटी असते.

माझा गोळा साधारण ४ सेंमीचा झालाय, टेबल टेनिसच्या बॉलएवढा. खरा रेणू ०.७ नॅनोमीटर, म्हणजे माझा गोळा जवळपास पावणेसहा कोटी पट मोठा.

सी-७० पटकन झाला. मध्ये पट्ट्यात ५ षटकोन जास्त, त्यामुळे बोरासारखा लांबट. एक गोष्ट मात्र विणताना फसवते, सी-६० मध्ये वरच्या अर्ध्याचा पंचकोन आणि खालच्याचा पंचकोन एकाखाली एक येत नाहीत, सरकलेले असतात, आणि सी-७० मध्ये बरोबर एकाखाली एक येतात, मध्ये एक षटकोन. आणि एक आड एक हा नियम इथे मोडतो, मधल्या भागातल्या १५ षटकोनांत दोनच पांढरे मणी येतात, घाबरू नका. पांढरे मात्र एकूण ६० च. पंचकोन एकमेकांना चिकटत नाहीत तोवर गोळा कितीही मोठा करा, पांढरे ६० च लागणार, कारण १२ च्या वर पंचकोन कधी जातच नाहीत. षटकोन सपाट फरशी करतो, एक पंचकोन त्यातून ६० अंशांची फोड काढून घेतो आणि गोळा बंद व्हायला एकूण ७२० अंश काढावे लागतात. ७२० भागिले ६०, बारा. याच्यात घासाघीस नाही.

आता सी-७६. ११४ मणी, १२ पंचकोन, २८ षटकोन, आणि हा पिळलेला आहे, याला डावा-उजवा आहे. १९९१ मध्ये याची रचना प्रसिद्ध झाली. मी दोन केले. दोन्हीला यादी तीच, आकडे तेच, फक्त एक घड्याळाच्या दिशेने विणला आणि दुसरा उलट. शेजारी ठेवले तर कसेही फिरवा, एक दुसऱ्यावर बसत नाही, आरशासमोर धरला की आरशातला मात्र दुसऱ्याशी बरोबर जुळतो. सी-६० चं असं काही होत नाही, उलटा विणला तरी तोच गोळा.

आई बघायला आली आणि लगेच म्हणाली, अगं हे उजव्या सोंडेच्या गणपतीसारखं, सगळं तेच पण मूर्ती वेगळी. मी तिला म्हटलं, आई, अगदी हेच.

याच्यात माझे चार दिवस गेले कारण दिशा लिहून ठेवताना गोंधळ केला. पहिल्याच्या वेळी बाहेरून बघून घड्याळाची दिशा धरली आणि दुसऱ्याच्या वेळी वाटी हातात उपडी होती, आतून बघून "उलट" धरलं, परिणाम दोन्ही सारखेच झाले. उसवून परत. तेव्हापासून वहीत प्रत्येक वेळी "बाहेरून बघून" असं लिहिते. शंखाचं पण असंच आहे ना, आपण ज्याला दुर्मीळ दक्षिणावर्ती म्हणतो त्याला प्राणीशास्त्रवाले डावा म्हणतात, कारण ते टोक वर धरून तोंड कुठल्या बाजूला आहे ते बघतात आणि आपण उलटा धरतो. शंख तोच. त्यामुळे तुमच्या यादीत डावं-उजवं लिहिलं असेल तर कुठून बघून ते पण लिहा, नाहीतर दुसऱ्याला काही उपयोग नाही.

आता चालू काम: सी-१२०, मधे भोक असलेला, मेदूवडा. १८० मणी. याला पंचकोन आणि सप्तकोन दोन्ही लागतात, १० पंचकोन बाहेरच्या कडेला, १० सप्तकोन भोकाच्या बाजूला, आणि ४० षटकोन. सप्तकोन पंचकोनाच्या बरोबर उलट वागतो, फोड काढायच्या ऐवजी घालतो, त्यामुळे तिथे वाटी न होता घोड्याच्या खोगीरासारखा वाक येतो. सप्तकोनांना निळे मणी घेतलेत. भोकाच्या बाजूने सुरुवात केलीय आणि आत्ता ६ सप्तकोन बसलेत, पण तिथे मणी इतके दाटीने येतात की सुई आत जात नाही आणि तंगूसचं टोक मेण लावून कडक करावं लागतंय. कोणी बाहेरच्या कडेने सुरू करून भोक शेवटी बंद केलंय का? किंवा आतल्या बाजूला ५ मिमीचे मणी वापरून? ताण कुठे जास्त येतो ते सांगा, म्हणजे हे उसवायचं की पुढे न्यायचं ते रविवारच्या आत ठरवते.