तेरावा सामना

2023 च्या उन्हाळ्यात मी एका बास्केटबॉल सामन्याच्या तारखेसाठी सात आठवडे ताटकळलो. ती तारीख न देणाऱ्या युनिव्हर्सिटीच्या ऑफिसवरचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

तेव्हा मी अमेरिकेत, मिडवेस्टमधल्या एका युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस करत होतो. फी माफ व्हावी म्हणून बास्केटबॉल टीमकडे ग्रॅज्युएट असिस्टंट झालो. काम काय, तर आकडेवारी, व्हिडिओ, बसचं बुकिंग आणि उन्हाळ्यात पुढच्या हंगामाचं वेळापत्रक. बाबांना फोनवर सांगितलं तर हसले. इस्लामपूरच्या शाळेत त्यांनी वीस वर्षं टाइमटेबल लावलं. "म्हणजे एकच मास्तर एका तासाला दोन वर्गांवर जाऊ नये, एवढंच ना?" एवढंच असतं तर काय हवं होतं!

आमची टीम मिड-मेजर, म्हणजे टीव्हीवर रोज दिसणाऱ्या बड्या कॉन्फरन्सेसच्या (आपापसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांच्या) बाहेरची. मार्चमधल्या एनसीएए स्पर्धेत, म्हणजे कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, तेव्हा 68 संघ असायचे. त्या हंगामात त्यातले 32 आपापल्या कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकून थेट येणार होते, उरलेले 36 निवड समिती ठरवणार. आमच्यासारख्यांचा कॉन्फरन्सच्या स्पर्धेत एक दिवस वाईट गेला, की 'कॉन्फरन्सबाहेर कोणाला हरवलंत ते दाखवा' हा प्रश्न येतो. कॉन्फरन्सचे 18 सामने कॉन्फरन्सच लावून देते. उरलेले 13 आपले आपण शोधायचे.

बारा सामने मे संपेपर्यंत लागले. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

तेरावा हवा होता क्वाड एकचा. समितीपुढे प्रत्येक संघाची एक टीम शीट असते. तिच्यावर नेट नावाची क्रमवारी असते (2018 पर्यंत तिच्या जागी आरपीआय नावाची जुनी क्रमवारी होती) आणि सगळे सामने चार क्वाडमध्ये, म्हणजे किती अवघड त्यानुसार चार गटांत, वाटलेले असतात. नेटमधल्या पहिल्या 30 पैकी कोणाशी घरी खेळलात तर क्वाड एक. त्रयस्थ मैदानावर पहिले 50 चालतात आणि त्यांच्या घरी जाऊन खेळलात तर 75 पर्यंत. गंमत अशी, की क्रमांक सामन्याच्या दिवशीचा धरत नाहीत, निवडीच्या रविवारचा, म्हणजे समिती मार्चमध्ये संघ जाहीर करते त्या दिवशीचा धरतात. नोव्हेंबरात ज्यांना हरवलं त्यांच्या पॉइंट गार्डचा गुडघा जानेवारीत गेला, की तुमचा विजय क्वाड दोनमध्ये घसरतो. मग काय, दुसऱ्याच्या पोराच्या निकालासाठी आपण देव पाण्यात घालून बसायचं.

बसने तीन तासांवर एक मोठी युनिव्हर्सिटी होती. नाव सांगत नाही. त्यांच्या ऑपरेशन्सवाल्यांना आमच्या असिस्टंट कोचनी एप्रिलमध्येच विचारलं होतं. त्यांचं पहिलं उत्तर आलं बाय गेमचं: 85 हजार डॉलर देतो, येऊन खेळून जा, आम्ही तुमच्याकडे येणार नाही. आम्ही म्हणालो, एक तुमच्याकडे, एक आमच्याकडे. ते म्हणाले, दोन आमच्याकडे, एक तुमच्याकडे. आमच्या कोचनी दोन दिवस कुरकुर करून होकार दिला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात करारनामा आला. टीव्हीचे हक्क, 60 फुकट तिकिटं, रेफरी कोणाच्या कॉन्फरन्सचे, ऐनवेळी माघार घेतली तर किती भरपाई, सगळं त्यात होतं. तारखेच्या जागी मात्र 'नंतर कळवू'.

इथून माझी वारी सुरू झाली. दर सोमवारी मेल, दर गुरुवारी फोन. कधी त्यांच्या हॉलमध्ये व्हॉलीबॉल असायचं. कधी फुटबॉलच्या शनिवारी गावात पार्किंग नसायचं. डिसेंबरात परीक्षा, मग पदवीदान. कधी त्यांच्या कॉन्फरन्सचं वेळापत्रक यायचं होतं, कधी टीव्हीवाल्यांचा निरोप. यातलं एकही कारण खोटं नव्हतं, म्हणून तर भांडताही येईना. माणूस इतका गोड बोलायचा, की फोन ठेवल्यावर दहा मिनिटांनी लक्षात यायचं, आपल्याला काहीच मिळालेलं नाही. आपल्याकडे निदान 'साहेब जेवायला गेलेत' असं तोंडावर सांगतात.

मधल्या काळात दोन संघांनी आम्हाला विचारलं. दोघेही नेटमध्ये शंभर-दीडशेच्या पट्ट्यातले, बरे. आम्ही दोघांना थांबवून ठेवलं, कारण कुठली तारीख मोकळी ठेवायची तेच माहीत नव्हतं. त्यांनी कंटाळून दुसरीकडे सोय केली. ही चूक माझी. कोच मला विचारत होते, "काय करू या?" आणि मी दर वेळी म्हणत होतो, "अजून एक आठवडा."

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात दोन ओळींचा मेल आला. यंदा जमत नाही, पुढे कधीतरी नक्की. सही झालेली नव्हती, त्यामुळे भरपाईचा प्रश्नच नव्हता.

कारण कोचनी सांगितलं. एप्रिलमध्ये आमचे दोन चांगले खेळाडू ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) जाणार अशी कुजबुज होती. ते गेले नाहीत. पाचही स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारे खेळाडू, राहिले. म्हणजे एप्रिलमध्ये आम्ही त्यांना घरी हरवता येण्याजोगे वाटत होतो, ऑगस्टमध्ये तसे राहिलो नव्हतो. आम्हाला हरवून त्यांना कौतुक मिळालं नसतं आणि हरले असते तर वर्षभर टोमणे. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. पण जुलैतच केलं असतं.

उरलेल्या तारखेला डिव्हिजन थ्रीचं, म्हणजे आमच्या दोन श्रेणी खालचं, एक छोटं कॉलेज आलं. आम्ही 51 गुणांनी जिंकलो. पोरांनी मजा केली, बेंचवरच्या शेवटच्या मुलानेही तीन टाकले. नेटमध्ये याची किंमत शून्य, कारण तिथे फक्त डिव्हिजन वनमधले सामने धरतात.

मार्चमध्ये आम्ही कॉन्फरन्सच्या उपांत्य फेरीत तीन गुणांनी हरलो. 17 मार्च 2024 ला, निवडीच्या रविवारी, टीमच्या खोलीत पिझ्झा मागवून सगळे टीव्हीसमोर बसले. कोणाला फारशी आशा नव्हती, तरी कोणी उठलं नाही. त्या रविवारी आमच्यासारखीच मिड-मेजर असलेली इंडियाना स्टेट बाहेर राहिली. 28 विजय, नेटमध्ये पहिल्या तिसात, आणि तरी बाहेर. त्यांना अलाबामा आणि मिशिगन स्टेट या बड्या संघांशी खेळायला मिळालं होतं, पण दोन्ही सामने हरले होते. शिवाय त्या आठवड्यात, ज्यांचा कोणी हिशोबच धरला नव्हता अशांनी आपापल्या कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकून जागा पटकावल्या होत्या; एन. सी. स्टेटने तर पाच दिवसांत पाच सामने जिंकले. अशा प्रत्येक जागेमागे 36 मधला एक जण गळतो. इंडियाना स्टेटचं पाहिल्यावर आमचं रडगाणं जरा लाजिरवाणं वाटलं. जरा.

कोणी हे काम करणार असेल तर तारीख आधी लिहून घ्या, पैशांचं मागून बोला. घरच्या सोप्या सामन्यांसाठी नेटमध्ये 340 च्या आसपासचा संघ घेऊ नका, 200 च्या आसपासचा घ्या. जिंकण्याची शक्यता जवळपास तेवढीच असते. आणि 340 वाल्याला फक्त बारा गुणांनी हरवलंत तर नेटमध्ये खालीच जाल, कारण तिथे प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीच्या मानाने किती कार्यक्षम खेळलात ते मोजतात. आपल्याच हॉलचं व्हॉलीबॉलचं वेळापत्रक आधी मागवा. हे मी पहिल्या वर्षी विसरलो होतो आणि एका रात्री व्हॉलीबॉलची जाळी काढून बास्केट लावायला मीच होतो, पण ते जाऊ दे.

आणि परतीच्या सामन्याचा हंगाम करारात लिहून घ्या. 'पुढे कधीतरी' वाल्यांचा 2024 च्या एप्रिलमध्ये पुन्हा मेल आला होता. आमचे तीन स्टार्टर नुकतेच पोर्टलमध्ये गेले होते.