अ‍ॅप स्टोअर कुणाच्या मालकीचं?

मायक्रोसॉफ्टच्या वकिलांनी २०११ साली अमेरिकेच्या ट्रेडमार्क कचेरीत अ‍ॅपलविरुद्ध केलेली एक तक्रार मला फार आवडते. अ‍ॅपलने सादर केलेलं उत्तर ठरवून दिलेल्या पानांपेक्षा लांब आहे आणि त्यातलं अक्षर ११ पॉइंटपेक्षा लहान आहे, अशी ती तक्रार. एवढ्या धनाढ्य कंपन्या, आणि भांडतायत पॉइंट साइजवरून! नारायण पेठेत आमचं डिझाइनचं छोटं दुकान आहे. पाट्या, लोगो, पाकिटं, लग्नपत्रिका, पडेल ते काम. 'ताई, पत्ता मोठा घ्या, लोगो त्याहून मोठा घ्या, पण जागा मोकळी दिसू दे' हे दिवसभर ऐकणाऱ्या बाईला ती तक्रार वाचून अगदी घरच्यासारखं वाटलं.

मूळ वाद 'अ‍ॅप स्टोअर' या नावाचा होता. अ‍ॅपलने हे दुकान जुलै २००८ मध्ये उघडलं आणि त्याच महिन्यात नावाच्या नोंदणीसाठी अर्ज केला. मायक्रोसॉफ्टने हरकत घेतली, आणि जानेवारी २०११ मध्ये अ‍ॅपलचा अर्ज सरळ फेटाळा अशी मागणी केली. अ‍ॅप विकणाऱ्या दुकानाला अ‍ॅप स्टोअर नाही म्हणायचं तर काय म्हणायचं, हा त्यांचा मुद्दा. मार्चमध्ये अ‍ॅमेझॉनने अँड्रॉइडसाठी 'अ‍ॅपस्टोअर' काढायचं ठरवलं, तर अ‍ॅपलने त्यांच्यावर कॅलिफोर्नियात दावा ठोकला. पण आदल्याच ऑक्टोबरात स्टीव्ह जॉब्झ गुंतवणूकदारांसमोर बोलून बसले होते की अँड्रॉइडवर आता निदान चार अ‍ॅप स्टोअर होणार. बोलले टिंगलीच्या सुरात, पण शब्द तोच, आणि तोही दुसऱ्यांच्या दुकानांसाठी. प्रतिपक्षाने ते वाक्य बरोबर उचललं.

न्यायाधीश फिलिस हॅमिल्टन यांनी जुलै २०११ मध्ये अ‍ॅमेझॉनला तातडीची मनाई करायला नकार दिला. जुलै २०१३ मध्ये अ‍ॅपलने दावाच सोडला. आमच्याकडे ९ लाख अ‍ॅप आहेत, ५० अब्ज डाउनलोड झालेत, कुठे जायचं ते लोकांना कळतं, असं कारण कंपनीने दिलं. लोकांना कळतं हे दावा लावताना माहीत नव्हतं होय?

मायक्रोसॉफ्टला अ‍ॅपलने दिलेलं उत्तर मात्र झोंबरं होतं. ज्यांनी 'विंडोज' हे नाव टिकवण्यासाठी वर्षानुवर्षं कचेऱ्या झिजवल्या, त्यांना हा कायदा आम्ही वेगळा सांगायला नको, असा त्याचा रोख. आणि तो बिनतोड होता. डिसेंबर २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने मायकेल रॉबर्टसन यांच्या 'लिंडोज' कंपनीवर दावा लावला होता. लिनक्स या मोफत प्रणालीवर बेतलेली संगणकप्रणाली, नाव विंडोजसारखं. खोडी काढायचाच हेतू असणार, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण सिएटलचे न्यायाधीश जॉन कॉफेनॉर यांनी वेगळाच धागा धरला. विंडोजची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९८५ मध्ये आली. त्याआधी पडद्यावरच्या चौकटींना संगणकवाले सर्रास 'विंडो' म्हणत होते का, हे ज्युरीने तपासावं, असं त्यांनी ठरवलं. आज लोकांना विंडोज म्हटल्यावर कोणती कंपनी आठवते, हा प्रश्नच बाजूला पडला. मायक्रोसॉफ्टला घाम फुटला असावा, कारण जुलै २००४ मध्ये वादीनेच प्रतिवादीला २ कोटी डॉलर मोजले आणि तडजोड केली. रॉबर्टसन यांनी नाव बदलून 'लिनस्पायर' केलं. ज्याच्यावर दावा लावला त्यालाच पैसे देऊन घरी पाठवायचं, असा प्रकार मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

म्हणजे २००४ पर्यंत मायक्रोसॉफ्टचं म्हणणं, साधा शब्दही वापरून वापरून आमचा झाला. २०११ मध्ये म्हणणं, साधा शब्द सगळ्यांचा. कुठल्या बाजूच्या बाकावर बसलोय त्यावर व्याकरण ठरतं. यात मायक्रोसॉफ्टच तेवढी दोषी असंही नाही. डेलने 'क्लाउड कम्प्युटिंग' या नावासाठी अर्ज केला होता आणि २००८ च्या जुलैत अमेरिकी कचेरीने त्याला जवळजवळ मान्यता देऊनही टाकली होती. बोंबाबोंब झाली तेव्हा ऑगस्टमध्ये ती मागे घेतली.

माझ्याकडे नाव घेऊन येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाला असलाच शब्द हवा असतो. समजवावा लागत नाही, पाटीवर लांबून वाचता येतो. मी सांगते की शब्द जितका सोपा, तितका तो तुमचा कमी. आपल्या १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यातलं नववं कलम हेच म्हणतं: माल काय, कसा, कुठला एवढंच सांगणारा शब्द, किंवा त्या धंद्यात सगळेच वापरतात असा शब्द, एकट्याच्या नावावर होत नाही. फक्त अर्जाआधीच्या वापराने त्याला स्वतंत्र ओळख मिळाली असेल, तर गोष्ट वेगळी. सगळा झगडा या 'ओळखी'वर होतो. आमच्या पेठांमध्ये हे प्रकरण अमृततुल्यवाल्यांनी कधीच मिटवलंय. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी कुटुंबांनी ही चहाची दुकानं रुजवली. पाटीवर आधी आपापल्या देवाचं नाव, मग 'अमृततुल्य'. पुढचा देव ज्याचा त्याचा, मागचा शब्द सगळ्यांचा. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेलला हेच कळायला कोर्टाची पायरी चढावी लागली. १९९१ मध्ये '३८६' हा चिपच्या नावातला आकडा त्यांच्या एकट्याचा नाही असा निकाल लागला, आणि १९९३ मध्ये पुढची चिप आली ती 'पेंटियम' म्हणून. काय सुरेख नाव आहे ते!

आता ज्यासाठी हे सगळं वाचत बसले ते सांगते. बाणेरच्या दोन मुलांनी घरोघरी दूध टाकणाऱ्यांसाठी अ‍ॅप केलं होतं. कुणाकडे किती लिटर, कोण गावाला गेलंय, महिन्याचं बिल किती. नाव इथे देत नाही, पण ज्याच्या घरी रोज सकाळी दूध येतं तो मराठी माणूस त्या व्यवस्थेला जो शब्द वापरतो, तोच. त्यांच्या लोगोत वेलांटी होती आणि तिला मी दुधाच्या किटलीच्या कडीचा बाक दिला होता. खाली अक्षराच्या पोटात किटली बसायची. बऱ्याच दिवसांनी स्वतःवर खूश झाले होते.

मग दुसऱ्या राज्यातल्या एका कंपनीची नोटीस आली. हा शब्द आमचा नोंदलेला आहे, तात्काळ थांबवा, नाहीतर नुकसानभरपाईचा दावा लावू आणि अ‍ॅप फोनवरून काढायला लावू. मुलांच्या वकिलांनी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध घेतला. नोंद होती, पण ती चित्रासकट अख्ख्या लेबलची, आणि खाली अट होती: या शब्दावर स्वतंत्रपणे एकट्याचा हक्क राहणार नाही. म्हणजे नोटिशीत हवाच जास्त होती. वकील म्हणाले, लढलात तर जिंकाल. मुलांनी विचारलं, किती वर्षांत? त्यावर त्यांनी कलम १३४ समजावलं. नोंदणीकृत चिन्हाच्या मालकाला आपण राहतो किंवा धंदा करतो तिथल्या कोर्टात दावा लावता येतो. म्हणजे तारखांना पुण्याहून तिकडे जायचं. पोकळ धमकीविरुद्ध उलट दावा लावायची सोय कलम १४२ मध्ये आहे, पण समोरच्याने खरोखरच दावा ठोकला तर तीही लंगडी पडते. तेवढ्यात पैसे गुंतवणारे गृहस्थ म्हणाले, आधी हे निस्तरा, मग बोलू. मुलांनी नाव बदललं. नवं नाव मला आवडत नाही, पण बिल त्यांनी वेळेवर दिलं.

त्यामुळे कोर्टात काय निकाल लागतो यापेक्षा नोटीस कुणाच्या दारात पडते, हे मला महत्त्वाचं वाटतं. सायन (Psion) या संगणक कंपनीने २००८ च्या डिसेंबरात 'नेटबुक', म्हणजे छोटा लॅपटॉप, या शब्दावरून नोटिसा धाडल्या तेव्हा त्या संकेतस्थळं चालवणाऱ्या साध्या लोकांनाही गेल्या होत्या. लढायला इंटेल उतरली, आणि २००९ मध्ये सायनने नाव सोडलं. इंटेल नसती तर? फोनपेने भारतपेला कोर्टात खेचलं ते 'पे' या एका अक्षरावरून. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारली. 'पे' म्हणजे पैसे देण्याचाच शब्द, स्पेलिंग बदलल्याने तो तुमचा होत नाही, असा सूर होता. तरी दोघांचं भांडण मे २०२४ मध्ये तडजोड होईपर्यंत चाललं. दोघांकडे वकिलांना द्यायला पैसे होते, म्हणून चालू शकलं. नाहीतर पहिल्याच पत्राला पाटी उतरली असती.

आता नवी साथ जीपीटीची आहे. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने त्या तीन अक्षरांसाठी अर्ज केला होता. ती तंत्राचं वर्णन करणारी अक्षरं आहेत म्हणून अमेरिकी कचेरीने फेब्रुवारी २०२४ मध्ये नकार दिला. ही बातमी पौड रोडपर्यंत पोचली असावी, कारण तिथल्या एका क्लासवाल्या सरांना 'दहावी जीपीटी' असा बोर्ड हवाय, आणि नावाच्या कोपऱ्यात गोलातला आर. मी म्हटलं, सर, नोंदणी झाल्याशिवाय आर लावणं कायद्यात बसत नाही. म्हणाले, मग टीएम टाका, कोपरा रिकामा दिसतो. टीएमला नोंदणी लागत नाही, म्हणून टाकलं. सोबत ४,५०० रुपयांच्या अर्जाची माहितीही पाठवली, आणि अर्ज फेटाळला जायची शक्यता जास्त आहे हेही लिहिलं. त्यांचं उत्तर आलं: रंग केशरी करा.