वेंगुर्ल्याच्या पावसात कॅक्टस जगवताना

भाचीची पुण्याहून बंगळूरला बदली झाली आणि तिची सगळी कॅक्टस मंडळी पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी आली. "मावशी, काही करावं लागत नाही त्यांना. पंधरा दिवसांतून एकदा पाणी घाल, बस्स!" एवढीच सूचना. पुण्यात ती पुरतही असेल. तिथली हवा कोरडी, गॅलरीत भरपूर ऊन. इथे समुद्र जवळ, घर कौलारू, छप्पर पुढे खाली उतरलेलं आणि पावसाळ्यात माजघरात दुपारीही दिवा लावावा लागतो.

शेजारच्या काकी बघायला आल्या. "गो बाय, काट्याचा झाड घरात ठेवतंस? भांडणां होतत. काटे गडग्यार बरे." आमच्या घरात भांडणं आधीपासूनच पुरेशी असल्यामुळे मी ते फारसं मनावर घेतलं नाही.

एप्रिल सरत आला होता, मृग तोंडावर. आधी कुंड्या रिकाम्या करायला घेतल्या. नर्सरीतली बहुतेक रोपं कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशात असतात, कारण ते हलकं आणि पाठवायला सोयीचं. पण ते एकदा मुरून भिजलं की मधून लवकर सुकत नाही, आणि पार सुकलं की पाणी आत घेत नाही, कडेने वाहून जातं. नारळाच्या गावात राहून सोडणाच्या भुशाला नावं ठेवू नयेत, पण कॅक्टसच्या मुळाशी तो दमट हवेत नकोच. वर्तमानपत्राची जाड घडी रोपाभोवती पट्ट्यासारखी गुंडाळून धरायची आणि उदबत्तीच्या काडीने मुळांतला भुसा हळूहळू उकरायचा. मॅमिलारिया नावाच्या एका गोल कॅक्टसवर पिवळं फूल होतं. जवळून पाहिलं तर ते सुकं फूल गोंदाने चिकटवलेलं! वरचे रंगीत खडेसुद्धा एकमेकांना गोंदाने जखडलेले. पाणी आत जाणार कुठून आणि ओल बाहेर पडणार कशी? चिमट्याने फूल सोडवलं तर शेंड्यावरचे चार काटे त्याच्याबरोबर आले आणि खाली तपकिरी वण राहिला.

मिश्रण मी इथल्याच वस्तूंचं केलं. जांभ्या चिऱ्याची खर चाळून, तांबडी धूळ धुऊन टाकून, वाटाण्याएवढे आणि त्याहून बारीक तुकडे ठेवले. दोन भाग ती खर, एक भाग व्हाळातली जाडी वाळू, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत, वर मूठभर कोळशाचे तुकडे. चिरा सच्छिद्र असतो, जरुरीपुरती ओल धरतो, बाकीचं पाणी सोडून देतो. किनाऱ्यावरची वाळू मात्र घेऊ नये. तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो.

खरी परीक्षा पाण्याची नव्हतीच, पंचांगाची होती. कॅक्टसवरची पुस्तकं सांगतात की हिवाळ्यात पाणी तोडा, झाडाला विश्रांती द्या आणि उन्हाळ्यात वाढू द्या. ते थंड देशांच्या हिशेबाने ठीक आहे. आमच्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. मेक्सिकोच्या ज्या वाळवंटी मुलखातून यातले कितीतरी कॅक्टस आले, तिथे वर्षभरात २०० ते ३०० मिलिमीटर. कॅक्टस आपली पर्णरंध्रं, म्हणजे हवा घेण्याची बारीक छिद्रं, रात्री उघडतो, म्हणजे दिवसाच्या उन्हात पाणी उडून जात नाही. जुलैतल्या आमच्या रात्री उबदार आणि ओल्याकिच्च. तेव्हा झाडातूनही पाणी उडत नाही, कुंडीतूनही नाही. अशा उबदार ओलीत बुरशी मजेत वाढते. म्हणून मी विश्रांतीचा काळ उचलून पावसाळ्यात ठेवला. वाढ ऑक्टोबर ते मे.

मे अखेरीस शेवटचं पाणी दिलं आणि नंतर सप्टेंबर संपेपर्यंत झारी हातात घेतली नाही. भाचीला फोनवर हे सांगितलं तर ती घाबरली. पण पाणी तोडण्यामागे कुजण्याच्या भीतीखेरीज दुसरंही कारण आहे. अंधारात पाणी मिळालं की कॅक्टस उजेड शोधत ताणतो, शेंडा फिकट आणि निमुळता होतो. तो आकार पुन्हा कधी भरून येत नाही. उपाशी ठेवला की वाढत नाही, त्यामुळे बिघडतही नाही. थोडा आक्रसतो, सुरकुततो, तेवढं चालतं.

मंडळी पूर्वेच्या खिडकीत, पण झडीचं पाणी पोचणार नाही इतकी आत. वीतभर उंचीवर एलईडीची पांढरी ट्यूब, रोज बारा तास. लाईट जायची ती जातेच, त्याला इलाज नाही. दुपारी टेबलफॅन मंद सोडते. माझ्या मते दिव्यापेक्षा त्या पंख्यानेच जास्त रोपं वाचवली. चतुर्थीला ती खिडकी माटवीच्या, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या मांडवाच्या, आड जाते, तेव्हा कुंड्या माळ्याच्या जिन्यावर.

तरीही श्रावणात सिरियस या एका उभ्या कॅक्टसचा बुंधा बसला. वरून हिरवागार, पण तळाशी पेन्सिलीचं टोक टेकवलं तर आत रुतलं आणि आंबूस वास आला. पातळ सुरी स्पिरिटने पुसून तळापासून चकत्या काढत वर गेले, प्रत्येक कापानंतर सुरी पुन्हा पुसून. कॅक्टस आडवा कापला की मधोमध एक कडं दिसतं, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांचं. त्या कड्यात नारिंगी ठिपका दिसतोय तोवर कापत राहायचं. एकसुद्धा ठिपका राहिला तर कूज तिथून पुन्हा चढते. शेवटी स्वच्छ पांढरट-हिरवी चकती लागली तेव्हा रोप निम्मं उरलं होतं. काप सुकवायला पावसाळ्यात कोरडी जागा कुठे? इन्व्हर्टरशेजारचा कट्टा तेवढा कोमट असतो. तिथे ते तुकडं रिकाम्या पेल्यात उभं ठेवलं, कारण आडवं ठेवलं की शेंडा वर वळतो. काप चामड्यासारखा टणक झाल्यावर कोरड्या चिऱ्यात बसवलं. ऑक्टोबरात मुळं फुटली.

ऑक्टोबरात ऊन कडक होतं आणि आपल्याला वाटतं, बिचारे चार महिने अंधारात होते, ठेवूया अंगणात. तसं करू नये. सावलीला सरावलेली कातडी भाजते आणि तो खाकी डाग कायमचा. आधी सकाळचं कोवळं ऊन, मग हळूहळू जास्त. पहिलं पाणी थोडं. सुरकुत्या भरू लागल्या की मग तळाच्या भोकातून वाहीपर्यंत, आणि पुढचं पाणी माती पूर्ण सुकल्यावरच. मी कुंडी उचलून वजनावरून ठरवते.

पाणी कुठलं, हाही इथला एक प्रश्न. उन्हाळ्यात आमच्या विहिरीला मचूळ चव येते, आणि ते पाणी घातलं की कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो. म्हणून पागोळ्यांचं पाणी झाकणाच्या पिंपात भरून ठेवते. जे पाणी जुलैत त्यांच्यापासून लांब ठेवायला धडपडायचं, तेच जानेवारीत जपून वाटायचं!

पिठ्या ढेकूण ही कीड मात्र कुठल्याही ऋतूत येते. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली की समजावं, काट्यांच्या बेचक्यात पांढरा कापूस आहेच, कारण त्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याला राखतात. कापसाचा बोळा काडीला लावून स्पिरिटने टिपून काढायचा आणि रोप दोनेक दिवस उन्हाबाहेर ठेवायचं.

सशाच्या कानांसारखा दिसणारा ओपन्शिया दिसायला सगळ्यात गोड आणि हाताळायला सगळ्यात वाईट. त्याला मोठे काटे नसतात, पण पिवळ्या ठिपक्यांत शेकडो आकडेदार कुसळं असतात. ती बोटात शिरली की चोळू नये, चिकटपट्टी दाबून ओढावी.

कोणी विचारलंच, तर लाल टोपीच्या चंद्र कॅक्टसपासून सुरुवात करू नका असं सांगते. त्या लाल भागात हरितद्रव्यच नसतं, तो खालच्या हिरव्या खोडावर कलम केलेला असतो आणि त्याच्याच जिवावर जगतो. ते खोड ड्रॅगनफ्रूटच्या कुळातलं, त्याला ओल हवी. वरच्या टोपीला कोरडं हवं. दोघांची समजूत घालत बसण्यापेक्षा ख्रिस्ताचा काटा आणावा. तो मादागास्करचा, युफोर्बिया, म्हणजे कॅक्टस नव्हेच, पण आमची दमट हवा त्याला बरी मानवते आणि उजेड असेल तर फुलतही राहतो. फांदी तोडताना त्याचा पांढरा चीक डोळ्यात जाऊ देऊ नये, आणि घरात लहान मूल असेल तर कुंडी उंचावर ठेवावी.