तुम्ही विचारलंत म्हणून: ‘पास म्हणजे आत काहीच नाही ना?’

धातूच्या पोटातले दोष आवाजाने शोधायचे, म्हणजे अल्ट्रासॉनिक तपासणी, हे माझं काम. भोसरी, चाकण, तळवडे, जिथे म्हणून प्रोब (आवाज सोडणारा आणि परतलेला ऐकणारा ठोकळा) टेकवतो तिथे हा प्रश्न ठरलेला. घरच्या लग्नकार्यातही येतो, ‘लोखंडाची सोनोग्राफीच ना?’ या थाटात. तिथे मी हो म्हणून मोकळा होतो. शॉपवर नाही म्हणत, आणि मग ‘हा माणूस सरळ उत्तर देत नाही’ अशी ख्याती पसरते.

तर सरळ उत्तर: नाही. पास म्हणजे मी ज्या बाजूने, ज्या कोनात आवाज सोडला, त्या वाटेवरून ठरलेल्या मापापेक्षा मोठा इको परत आला नाही. माप म्हणजे समजा ३ मिमीचं सपाट तळाचं भोक जेवढा इको देईल तेवढा. स्टीलमध्ये आवाज सेकंदाला सुमारे ५९०० मीटर धावतो. त्यामुळे २ मेगाहर्ट्झच्या प्रोबची तरंगलांबी ३ मिमीच्या आसपास, ४ च्या प्रोबची दीड. तिच्या निम्म्याहून बारीक दोषाची हमी माझ्याकडे मागू नका. आणि चीर आवाजाच्या रेषेतच उभी असेल, तर बोटभर असली तरी इको जवळपास शून्य. क्यूसीवाल्यांना, म्हणजे दर्जा तपासणाऱ्यांना, हे पाठ असतं. तरी विचारतात. सही माझी असते ना.

त्या शाफ्टचं एकदा सांगूनच टाकतो. ३०० मिमी व्यासाचं फोर्जिंग (तापवून ठोकून घडवलेलं), रफ टर्न म्हणजे लेथवर ढोबळ कातलेलं, एका प्रेससाठी. बॅक इको, म्हणजे पलीकडच्या पृष्ठभागावरून परतणारा आवाज, स्क्रीनवर ३०० ला खणखणीत उभा. सरकवत सरकवत मध्याच्या जरा पुढे आलो आणि वीतभर लांबीत तो खाली बसला. मधे इंडिकेशन, म्हणजे दोषाचा इको, काही नाही, रेष स्वच्छ. ग्रीस पुसलं, एमरी मारली, आवाज आत नीट जावा म्हणून पुन्हा ग्रीस लावलं. तेच. समोरच्या बाजूने पाहिलं, तेच. शाफ्ट ९० अंशांत फिरवला तर बॅक इको पूर्ण! म्हणजे धातूच्या जाड दाण्याची (आतल्या मोठ्या स्फटिकांची) सबब गेली, कारण जाड दाण्याने आवाज दोन्हीकडून खाल्ला असता. राहिला तो लांबीच्या दिशेने तिरका बसलेला दोष, आवाज भलतीकडे फेकणारा. ४५ आणि ६० अंशांत तिरका आवाज सोडणाऱ्या अँगल प्रोबनी दोन्ही टोकांकडून शोधलं. ग्रासमधून, म्हणजे स्क्रीनच्या तळाशी गवतासारख्या दिसणाऱ्या बारीक इकोंमधून, काहीतरी डोकं काढायचं, पण मापात बसेल असं हाती लागलं नाही.

स्पेसिफिकेशनमध्ये होतं की बॅक इको ५० टक्क्यांहून जास्त पडला तर नोंद करून ग्राहकाला कळवायचं. मी नोंद केली. शेठ म्हणाले, “मधे दोष दाखवा, आत्ता स्क्रॅप करतो. दाखवता येत नाही ना? मग ती ओळ काढा साहेब, गाडी दारात उभी आहे.” काढली नाही. संध्याकाळी दुसरे इन्स्पेक्टर आले, रात्री शाफ्ट गेला. त्या शॉपचं काम मला पुन्हा मिळालं नाही.

अजूनही कुणीतरी भेटतं आणि हसत सांगतं, “तुमचा तो शाफ्ट मस्त चालतोय हं.” चालतोय म्हणून काय सिद्ध झालं? जुलै १९८९ मध्ये अमेरिकेत सू सिटीला विमान कोसळलं, ११२ माणसं गेली. इंजिनाच्या पंख्याची टायटॅनियमची डिस्क फुटली होती. ती बनताना तिचं अल्ट्रासॉनिक झालेलं होतं, आणि सतरा वर्षं तीही मस्तच चालत होती.

पण खरं सांगू? ‘चालतोय’ ऐकून मला बरं वाटत नाही. तो तुटावा असं मनात येऊन गेलंय. मग प्रेससमोर उभा असलेला ऑपरेटर आठवतो आणि स्वतःचीच शिसारी येते.

नुकता लेव्हल टू (तपासनीसाच्या पात्रतेची दुसरी पायरी) झालेला तरुण मी छातीठोक म्हणाला असता, आत क्रॅक आहे. आज मी तसं म्हणत नाही. तो तरुण मी म्हणेल, धंद्यापायी मवाळ झालास. झालो असेन. पण बॅक इको आला नाही यावरून आवाज परतला नाही एवढंच कळतं, कशामुळे ते नाही. तो विचारतो, मग ती ओळ कशासाठी लिहिलीस? इथे माझी बोलती बंद होते. बोलती बंद झाली म्हणून ओळ चुकीची होती असंही मी मानत नाही. कापून बघितला असता तर वाद मिटला असता. पण कापलेला शाफ्ट विकता येत नाही, म्हणून तर आम्हाला बोलावतात.

तेव्हा यापुढे विचाराल तर आधी मीच विचारणार: भार कुठून येतो, कुठल्या दिशेची चीर चालणार नाही? ते सांगा, प्रोब त्या हिशोबाने लावतो. आणि बॅक इकोची ओळ नकोच असेल, तर त्या दुसऱ्या इन्स्पेक्टरांचा नंबर आहे माझ्याकडे. देतो.