डेबियन 12 वर मराठी झीलाटेक: आप्टकडून किती, टीएलएमजीआरकडून किती

झीलाटेक म्हणजे मजकूर जुळवणाऱ्या लाटेकचा युनिकोड फॉन्ट चालवणारा प्रकार; तो टेक लाइव्ह या संचातून येतो. हा संच डेबियनचं पॅकेज उतरवणारं साधन आप्ट देतं, आणि टेक लाइव्हचं स्वतःचं साधन म्हणजे टीएलएमजीआर. टेक्सलाइव्ह-फुल हे आप्टचं पॅकेज बसवलं की सगळं मिळतं, पण कित्येक जीबी जागा जाते. मी तीनच पॅकेजेस घेतली: टेक्सलाइव्ह-झीटेक, टेक्सलाइव्ह-लँग-अदर आणि फॉन्ट्स-नोटो-कोअर. मधलं विसरू नका. नावात मराठी कुठेच नाही, पण मराठीचे हायफनेशन पॅटर्न, म्हणजे ओळीच्या टोकाला शब्द कुठे तोडायचा याचे नियम, त्यातच आहेत.

झीलाटेकमागचा प्रोग्राम झीटेक हे पॅटर्न मजकूर जुळवताना वाचत नाही, फॉरमॅट फाइल (त्याची आधीच तयार करून ठेवलेली सुरुवात) बनते तेव्हाच ते आत भरले जातात. म्हणून पॅकेज उतरल्यावर टेक्स-कॉमन या पॅकेजचा ट्रिगर (आपोआप चालणारं काम) फॉरमॅट नव्याने बनवतो. तेव्हा टर्मिनल बराच वेळ गप्प असतं. कंटाळून कंट्रोल-सी दाबलंत, तर मराठीचे पॅटर्न नसल्याची सूचना लॉगमध्ये येते आणि ओळींच्या टोकाला शब्द तुटत नाहीत. उपाय: 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'. फॉन्ट निवडताना स्क्रिप्ट देवनागरीबरोबर लँग्वेज मराठीही लिहा. फॉन्टमध्ये सोय असेल, तर ल आणि श मराठी वळणाचे येतात.

एखादी .एसटीवाय फाइल (लाटेकची जोड-फाइल) सापडली नाही, तर ती कोणत्या पॅकेजात आहे ते आधी 'आप्ट-फाइल सर्च'ने शोधा. टेक लाइव्हची हजारो पॅकेजेस डेबियनने मोजक्या गठ्ठ्यांत बांधली आहेत, त्यामुळे एका फाइलसाठी लाटेक-एक्स्ट्रासारखा अख्खा गठ्ठा उतरवावा लागतो. तो मुकाट्याने उतरवावा.

खरी अडचण नवीन आवृत्ती हवी असते तेव्हा येते. डेबियन 12 मधल्या आवृत्तीचा आकडा 2022.20230122 असा आहे: टेक लाइव्ह 2022, घेतलेली 22 जानेवारी 2023 ला. टेक लाइव्ह दरवर्षी नवी येते, डेबियन स्टेबल मात्र साधारण दोन वर्षांनी. त्यामुळे टीएलएमजीआर आजच्या सर्व्हरकडे गेला, की स्थानिक टेक लाइव्ह जुनी आहे म्हणून नकार देतो. हट्टाने भांडू नका. 'टीएलएमजीआर इनिट-युजरट्री' चालवा आणि रिपॉझिटरी (पॅकेजेस जिथून यायची ती जागा) म्हणून जुन्या आवृत्त्यांच्या संग्रहातलं 2022 चं 'टीएलनेट-फायनल' द्या. मिळतं ते 2022 चं शेवटचं रूप, त्याहून नवं नाही. अशा युजरमोडमध्ये, म्हणजे फक्त स्वतःच्या फोल्डरात बसवताना, सगळीच पॅकेजेस बसत नाहीत. ज्यांच्यासोबत प्रोग्राम असतात, ती नाकारली जातात. अगदी ताजंच हवं असेल, तर मूळ टेक लाइव्ह वेगळी 'युएसआर-लोकल'मध्ये बसवा आणि टेक लाइव्ह आधीच आहे असं आप्टला वाटावं म्हणून इक्विव्ह्ज या साधनाने रिकामं पॅकेज बनवा.

युजरट्री म्हणजे घरच्या फोल्डरातलं टेक्समफ नावाचं फोल्डर. सिस्टिममधल्या फाइलपेक्षा टेक तिथली आधी उचलतो. डेबियन 13 वर गेल्यावरही तो 2022 चीच फाइल वापरत राहतो आणि दोष नव्या आवृत्तीला जातो. टेक नक्की कोणती फाइल उचलतो ते पाहायला 'केपीएसईव्हिच' आणि फाइलचं नाव टाइप करा. उत्तरात घरचा पत्ता आला, तर ती प्रत काढून टाका.